बडोद्यात तिसऱ्या आणाव्यात का?

दांडियाबाजारकर
आमचं सीकेपी घर. तीन पिढ्या बडोद्यात गेल्या तरी मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या आईसबॉक्सकडे डोळे लागलेले असतात, तेव्हा हे हौसेने लिहीत नाहीये. पण माझ्या मते कुठल्या खाडीतल्या हे माहीत नसलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) इथे आणणं बंद करावं. समुद्रात काही विषारी सूक्ष्म शैवालं एकाएकी माजतात. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे विष त्यांच्या मांसात साठतं. त्यांना फारसं काही होत नाही, आपल्याला होतं. सॅक्सिटॉक्सिन म्हणतात ते हे विष उकळून जात नाही. वास नाही, चव नाही. सप्टेंबर 1997 मध्ये केरळातल्या विळिंजमला शिंपले खाऊन 7 जण दगावले, पाचशेच्या आसपास लोक दवाखान्यात गेले.

तिसऱ्याप्रेमी
काका, मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटर लांब आणि घाबरायचं आपण! एका घटनेवरून अख्खं कालवण बंद? आजीने आयुष्यभर खाल्ल्या, नव्वदीला गेली.

दांडियाबाजारकर
एक नाही रे. 1981 ला तमिळनाडूत, 1983 ला कर्नाटकात हेच झालं, दोन्हीकडे माणसं गेली. आजी वाचली, छान झालं. तो पुरावा नव्हे.

लॅबवाली
मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हणून मध्ये पडते. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते दोन तासांत ओठ-जीभ बधिर होतात, मुंग्या येतात. जास्त झालं तर श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही, श्वास चालू ठेवायचा आणि विष लघवीवाटे जाऊ द्यायचं. म्हणून ओठ बधिर वाटले की "गॅस झाला असेल" करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मात्र पापलेट-सुरमईच्या मांसात हे विष सहसा साठत नाही. काकांनी सगळी मासळी एका पाटीत घातली नाही, ते बरं केलं.

रत्नागिरीची लेक, बडोद्याची सून
काका, तुमच्या "बंद करा"ने कोणाचं पोट मारलं जातं ते बघा. ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचं. आणि त्या अडाणी नाहीत, पाण्याला रंग आला की आमच्याकडे कोणी हात लावत नाही. तपासणी सरकारने करावी, शिक्षा त्यांना का?

लॅबवाली
ताई, तपासणीचं शंभर टक्के मान्य. सॅक्सिटॉक्सिनसाठी जगभर चालणारी मर्यादा किलोला 800 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हे मोजता येतं. पण रंगावर भिस्त ठेवू नका. पाणी तांबडं करणारं, रात्री निळं चमकणारं नॉक्टिल्युका नावाचं सूक्ष्मजीव हे विष बनवत नाही. ते अमोनिया सोडतं, ऑक्सिजन संपवतं, मासे मरतात. उलट विषारी जाती पाणी स्वच्छ दिसत असतानाही पुरेशा असू शकतात.

सूरसागरकाठी
तिसऱ्या काय, आपण महिन्यातून एकदा खातो. आपल्या तळ्यांवर उन्हाळ्यात हिरवी साय धरते तिचं काय? तिथेही विषारी जाती असतात. 2014 ला अमेरिकेत टोलेडो शहराला दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका असं सांगितलं होतं, उकळून पाणी आटतं आणि विष दाट होतं म्हणून.

तिसऱ्याप्रेमी
सूरसागर तळ्यातल्या तिसऱ्या कोण खातंय, भाऊ!

दांडियाबाजारकर
सूनबाईंचा मुद्दा लागला. "बंद" हा शब्द मागे घेतो. कुठल्या खाडीतल्या, कधी काढल्या, तिथे कोणी तपासलं, हे विकणाऱ्याने सांगावं. नाही सांगितलं तर मी घेणार नाही.

तिसऱ्याप्रेमी
रविवारी मामा येतोय आईसबॉक्स घेऊन. हे तिन्ही प्रश्न तुम्हीच विचारा काका, मी विचारले तर पुढच्या वेळी रिकामा येईल.