कॅस्टरची जोडी सुटत नाही, एकच थरथरता ठिपका दिसतो (१३० मिमी, जुळे सोलापूर)

गच्चीवरचं_आकाश:
दुर्बीण १३० मिमी एफ/५ न्यूटनियन (आरशाची), टेबलटॉप डॉब्सोनियन (टेबलावर ठेवायच्या फिरत्या बैठकीवरची). फोकल लांबी ६५० मिमी. आयपीस २५ आणि १० मिमीचे, शिवाय सोबत आलेला २एक्स बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग). पुनर्वसूतला कॅस्टर हा जोडतारा, पण ६५ पटीला दोन ठिपके सुटे न होता एकच फुगलेला दिसतो. बार्लो लावला की उकळतो आणि चक्क तिकोनी होतो. वेळ रात्री आठ-साडेआठ, जागा दुमजली घराची गच्ची. उशिरा वर येणारा वसिष्ठ मात्र स्वच्छ सुटतो. शहराचा उजेड नडतोय का? शहराबाहेर हिप्परग्याला जाऊन फरक पडेल?

मृगशीर्ष:
उजेडाचा संबंध नाही. जोडीतले तारे १.९ आणि ३.० प्रतीचे आहेत (प्रतीचा आकडा लहान तितका तारा तेजस्वी), भर चौकातूनही दिसतील. हिप्परग्याची खेप तेजोमेघांसाठी ठेवा.

सध्या दोघांत साडेपाच आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपास अंतर आहे आणि १३० मिमी दुर्बिणीला ०.९ अंतरापर्यंतची जोडी सुटते. म्हणजे दुर्बीण कमी पडत नाहीये. वसिष्ठाच्या जोडीतलं अंतर १४.४ आहे, ती वाईट हवेतही सुटते. शिवाय ती वर येईपर्यंत गच्ची निवलेली असते!

खरा त्रास स्लॅबचा. सोलापूरचं ऊन दिवसभर प्यायलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या गरम हवेने तारा उकळतो. फेब्रुवारीच्या मध्यात कॅस्टर सव्वादहाच्या सुमारास मध्यमंडलावर म्हणजे आपल्या सर्वांत उंच जागी येतो, उत्तरेला सुमारे ७६ अंश उंच. बघायचं तर तेव्हाच. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारलं तर थोडा उतार पडतो, पण अंगणातल्या मातीची सर नाही. दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर ठेवा, टोपण काढून, तोंड किंचित खाली करून.

बार्लोऐवजी ५ मिमीचा आयपीस घ्या, १३० पट मिळेल. स्वस्त संचातल्या बार्लोची भिंगं बहुधा यथातथाच असतात.

आरसेवाला:
वरचं सगळं बरोबर, पण 'तिकोनी' हा शब्द सोडू नका. हवेने तारा उकळतो, नाचतो, पसरतो. एकाच आकाराचा तिकोन धरून बसत नाही. मुख्य आरशाच्या तीन क्लिपा जास्त आवळल्या की काच दबते आणि नेमका असा तारा दिसतो. क्लिप आणि काच यांच्यात पातळ कागद सहज सरकेल इतकी ढील हवी. त्याहून जास्त नको, नाहीतर दुर्बीण हलवली की आरसा जागा सोडतो.

क्लिपा सैल केल्यावर कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) पुन्हा करावंच लागतं. तारा मध्यभागी घ्या, चार-पाच कडी दिसतील इतकाच फोकस बिघडवा. फार बिघडवलं तर चूक लपते. कडी एका बाजूला दाटलेली असतील तर मागचा एक स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा. स्क्रू फिरवला की तारा सरकतो, तो परत मध्यभागी आणूनच निर्णय घ्या. पुष्कळांचं इथेच बिनसतं.

हवेचा दोष नळीतला की बाहेरचा, तेही याच चित्रात कळतं. संथ, वळसे घेत चढणारे लोट म्हणजे आरसा अजून गरम आहे. भराभर आडवं वाहणारं चित्र म्हणजे वरची हवा. तिला इलाज नाही, दुसऱ्या रात्री बघा.

गच्चीवरचं_आकाश:
क्लिपा खरंच घट्ट आहेत, कागद जात नाही. सैल करतो. जोडीदार कोणत्या बाजूला शोधायचा?

मृगशीर्ष:
मुख्य ताऱ्याच्या ईशान्येला. दुर्बीण न हलवता थांबा. तारा दृश्यातून ज्या कडेने बाहेर जातो ती पश्चिम. ध्रुवाकडे किंचित ढकलल्यावर नवं आकाश ज्या कडेने आत येतं ती उत्तर.

दोन पांढरे ठिपके आणि मध्ये काळी फट दिसली की ७० आर्कसेकंदांवरचा मंद तांबूस तारा शोधा. तोही याच कुटुंबातला, आणि स्वतःही जोडच: दोन लाल बटू साडेएकोणीस तासांत एकमेकांभोवती फिरतात. मुख्य दोन ठिपकेही प्रत्येकी जोडच आहेत, दुर्बिणीत न सुटणारे; एकूण सहा तारे झाले. विल्यम हर्शेल यांनी १८०३मध्ये याच कॅस्टरच्या मोजमापांवरून तारे एकमेकांभोवती फिरतात हे दाखवलं.

पुढे सिंह राशीतला अल्जीबा हा जोडतारा घ्या, अंतर ४.७. व्याधाच्या जोडीदाराच्या मागे इतक्यात लागू नका. तो ११ आर्कसेकंदांवर असला तरी व्याधाहून सुमारे नऊ हजार पट मंद आहे. आधी राजन्याचा (रायजेलचा) ९.५ आर्कसेकंदांवरचा सोबती दिसतो का, ते तपासा.