मदत हवी आहे: गोफणीचा आवाज कमी करायचाय, दोरी कशाची घ्यावी?

नमस्कार मंडळी. विट्याजवळ वस्तीवर राहतो. शाळूच्या राखणीला गोफण आमच्यात पहिल्यापासून आहे. पण राखणीला आवाज जितका जास्त तितकं बरं, निम्मी पाखरं नुसत्या फटक्यानंच उठतात. माझी अडचण उलटी आहे. मला नेम धरायचा नाद लागलाय. गोठ्यामागं कडब्याच्या गंजीपुढं मातीनं भरलेलं पोतं टांगून संध्याकाळी सराव करतो आणि नेमकी तीच धारांची वेळ. गोफण फिरायला लागली की म्हैस कान टवकारते, फटका निघाला की पान्हा चोरते. घरातून निकाल आलाय: गोठ्यामागं एक तर म्हैस राहील नाहीतर गोफण. जागा बदल म्हणू नका, बाकी तिन्ही बाजूंना लोकांच्या द्राक्षबागा आहेत. अंधार पडल्यावर दगड कुठं जातो तेच कळत नाही, त्यामुळं उशिरा कर हेही नको.

शिकारीचा विषय नाही, हे आधीच सांगतो. बाहेरच्या काही देशांत लोक सशावर गोफण धरतात. दोरीची भुणभुण ऐकून दगड पोचायच्या आत जनावर हलतं, म्हणून त्यांनाही मुकी दोरी लागते. आपल्याकडं ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही आणि मला करायचंही नाही. मला फक्त म्हैस सांभाळायची आहे.

आत्ता तीन गोफणी आहेत. पहिली बॅगेच्या चपट्या नायलॉन पट्टीची. फिरताना पट्टी पीळ घेते, परत उलगडते आणि डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखी घुमते. सगळ्यात वाईट हीच. दुसरी 4 मिमी पॅराकॉर्डची, म्हणजे गुळगुळीत गोल नायलॉन दोरीची. हिची शिटी बारीक आहे, शिवाय ताणते, त्यामुळं दगड कधी वेळेवर सुटतो कधी नाही. तिसरी सुतळीची, दोन पेडी पिळाची. सगळ्यात शांत हीच, पण बोटाजवळ कुसं टोचतात, दगडाच्या पट्ट्याला जिथं गाठ आहे तिथं तंतू तुटायला लागलेत आणि भिजली की कुजणार.

सुती, लोकरीची, घायपाताच्या वाखाची, काथ्याची, यातली कोणती घ्यावी? आणि शेवटचा फटका दोरी बदलून जातो, की ते हाताचं काम आहे?

माळावरचा मास्तर:
आवाज दोन आहेत, फिरतानाची शिटी आणि शेवटचा फटका, ते वेगळे धरा. फिरतानाची शिटी म्हणजे दोरीच्या पाठीमागे आलटूनपालटून सुटणारे हवेचे भोवरे. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात तेही हेच. 1878 मध्ये स्ट्रूहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञांनी तारांवर प्रयोग करून याचा हिशोब मांडला: वेगाला जाडीने भागा आणि साधारण 0.2 ने गुणा. दगडाजवळ दोरी सेकंदाला 30 मीटरने जात असेल तर 3 मिमी दोरीचा सूर सेकंदाला 2000 कंपनांच्या आसपास येतो, 6 मिमीचा 1000 च्या. गुरांना आपल्यापेक्षा बरेच वरचे सूर ऐकू येतात, तेव्हा तुमच्या म्हशीला बारीक दोरी जास्त खुपत असणार.

जाडीपेक्षाही पृष्ठभाग महत्त्वाचा. गुळगुळीत दोरीवर भोवरे शिस्तीत सुटतात म्हणून शिटी वाजते. केसाळ किंवा ठळक पिळाच्या दोरीवर ती शिस्त मोडते. उंच पोलादी धुराड्यांना वरच्या भागात मळसूत्री पट्ट्या लावतात त्याही याचसाठी. तुमची सुतळी शांत आहे ती यामुळे. आणि वेग कमी झाला की आवाज झपाट्याने पडतो, म्हणजे हाताकडची निम्मी दोरी जवळजवळ गप्पच असते. पट्ट्याकडची निम्मीच केसाळ करा, बोटाकडे मऊ सूत ठेवा. कुसांचा प्रश्नही मिटेल.

जतकडचा:
नुसती लोकर घिऊ नगा दादा, ताणती. पॅराकॉर्डची तक्रार तिथंबी राहणार. आमच्याकडं माडग्याळ मेंढरं हायत पण दावं-दोरी शेरडाच्या केसाची. त्यो केस लोकरीपेक्षा ताठ, भिजला तरी वाखासारखा लगेच कुजत न्हाई. मी तर म्हणतो आत वाखाचा पेड ठिवा ताकदीला आन वरनं केसाचा पीळ द्या. काथ्या अजिबात नको, हात सोलपटून निघतोय.

फटका जातो की. दगड सुटला की मोकळा पदर आसुडागत पुढं फेकला जातो, टोक जितकं बारीक तितकं जोरात वाजतंय. राखणीच्या गोफणीला मुद्दाम वाखाची शेपटी सोडत्यात ती त्याचसाठी. तुमच्या टोकाला शेपटी आसंल तर कापा आन बोरायेवढी गाठ मारा. टोक जड झालं की त्येचा वेग पडतो. आन दगड सुटल्यावर हात झटकन मागं ओढू नगा, जाऊ द्या पुढं.

पेरू ते म्हसवड:
जतकरांशी सहमत, पण लोकरीला इतकं मोडीत काढू नका. पेरूतले मेंढपाळ लामा नावाच्या जनावराच्या आणि मेंढीच्या लोकरीची गोफण पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, तिबेटात याकच्या केसांची. त्यांची वीण इतकी घट्ट असते की ताण फारसा राहत नाही. सैल पिळाची लोकर घेतलीत तर मात्र पस्तावाल.

दगडाकडेही बघा. स्कॉटलंडमध्ये बर्न्सवार्कला रोमन सैन्याचे शिशाचे गोळे सापडले, त्यातल्या काहींना छोटं भोक पाडलेलं आहे. फेकल्यावर ते शिटी वाजवतात. खड्ड्याखड्ड्यांचा ओबडधोबड दगडही भणभणतो. येरळा नदीतले गुळगुळीत गोटे वापरा, नाहीतर उन्हात वाळवलेल्या मातीचे गोळे. पोत्यावर आपटून फुटतात, उसळून गोठ्यात जायची भीती नाही. आणि दगडाचा पट्टा रुंद चामड्याचा असेल तर त्याच्या कडा फडफडतात. अरुंद करा.

धागाकर्ता:
मास्तर, निम्म्या दोरीचं डोक्यातच आलं नव्हतं. पट्टा चामड्याचाच आहे, चांगला चार बोटं रुंद, आज कापतो. शेपटी होती, ती कापली. गाठ मारून दोन-चार दगड टाकले. फटका पार गेला नाही, पण कडाडायचा तो आता नुसता धप्प येतो. म्हैस बघते, पान्हा चोरत नाही. भुणभुण मात्र तशीच आहे, दोरी बदलल्याशिवाय जायची नाही. जतकर, शेरडाच्या केसाची दोरी विट्यात कुठल्याच दुकानात मिळाली नाही. सगळीकडं नायलॉनच पुढं करतात.

जतकडचा:
दुकानात न्हाईच मिळायची. आटपाडीच्या मेंढरांच्या बाजारात जावा, म्हाताऱ्या धनगरांना इचारा. तयार दोरी न्हाई मिळाली तर नुसता केस मागा, पीळ घरी घालता येतो. घेताना बोटात धरून उलटा पीळ सोडून बघा, आत नायलॉनचा पेड घातलेला आसला तर लगेच दिसतोय.