बारावीला कमी गुण, पदवीला एटीकेटी: खगोलभौतिकीत पीएच.डी.चा विचार करावा का?

मृगशीर्ष (प्रश्न)

नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते आणि सध्या एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी गुणपत्रिका आधीच सांगते, कारण सारा प्रश्न तिच्यावरूनच पडला आहे. बारावीला मला ५२ टक्के पडले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आई बरेच दिवस आजारी होती आणि त्या वर्षी गणिताचे दोन पेपर राहिले. तिसऱ्या वर्षी गणितीय भौतिकीचा एक पेपर राहिला. त्यामुळे पदवी एक वर्ष उशिरा, ५६ टक्क्यांनी हाती आली. एम.एस्सी.त आतापर्यंत ६३ टक्के आहेत. आईचे आजारपण हे कारण खरे असले तरी ते सगळे कारण नव्हते, हे मला इथे प्रामाणिकपणे सांगायचे आहे. मला तेव्हा गणित उमगत नव्हते आणि मी पाठांतरावर वेळ निभावून नेत होते.

पदवीच्या शेवटच्या वर्षी आमच्या महाविद्यालयाची सहल राष्ट्रीय विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला गेली होती. तिथे जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची एक अँटेना वळताना मी पाहिली. ४५ मीटर व्यासाची ती तबकडी इतक्या सावकाश आणि इतक्या नेमकेपणाने फिरत होती, की परतीच्या प्रवासात मला दुसरे काही सुचले नाही. तेव्हापासून मी रेडिओ खगोलशास्त्राविषयी मिळेल ते वाचते आहे.

अशा गुणपत्रिकेवर पीएच.डी.ची आशा धरणे कितपत योग्य आहे? मुलाखतीत नापास झालेल्या पेपरांविषयी विचारतात का, आणि विचारल्यास काय सांगावे? घरचे म्हणतात, की आधी बी.एड. करून घे, म्हणजे हाताशी काहीतरी राहील. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, म्हणूनच निर्णय होत नाही.

ध्रुवमत्स्य

तुमचा प्रश्न वाचून उत्तर देण्यावाचून राहवले नाही, कारण गणितीय भौतिकीच्या पेपरात मीही नापास झालो होतो आणि तोही दोन वेळा. पुढे मी रेडिओ खगोलशास्त्रातच पीएच.डी. केली. ती कशी झाली हे थोडे सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी एका संस्थेने मला मुलाखतीनंतर नाकारले. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या संस्थेत मुलाखतीला गेलो, तेव्हा समितीतील एका प्राध्यापकांनी गुणपत्रिका पाहून सरळ विचारले, की या विषयात काय अडचण आली होती. मी सांगितले, की फूरिये रूपांतर, म्हणजे एखादा संकेत साध्या लहरींमध्ये विभागण्याची गणिती रीत, मला समजले नव्हते, सूत्रे पाठ केली होती आणि प्रश्न थोडा फिरवून आल्याबरोबर मी अडलो. ते म्हणाले, "मग आता त्याच्यापासूनच सुरुवात करू." मला फळ्यावर चौकोनी स्पंदाचे फूरिये रूपांतर काढायला सांगितले. ते झाल्यावर त्यांनी विचारले, की हा आलेख यापूर्वी कुठे पाहिला आहे का. एका फटीतून प्रकाश गेल्यावर पडद्यावर जो नमुना दिसतो तो हाच, असे मी म्हणालो. मग फटीच्या जागी दुर्बिणीची तबकडी ठेवा आणि ती आकाशाचा केवढा भाग एका वेळी पाहील ते सांगा, असा पुढचा प्रश्न आला. तरंगलांबी २१ सेंटीमीटर आणि व्यास ४५ मीटर घेतला, की भागाकार सुमारे ०.००४७ रेडियन येतो, म्हणजे साधारण १६ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). चंद्रबिंबाच्या जेमतेम अर्ध्या रुंदीएवढा. त्यानंतर त्यांनी विचारले, की याहून बारीक तपशील पाहायचा असेल तर काय कराल. मी म्हणालो, की अनेक तबकड्या दूर दूर ठेवून त्यांचे संकेत जोडीजोडीने एकत्र करावे लागतील. जीएमआरटीच्या अँटेना सुमारे २५ किलोमीटर अंतरापर्यंत पसरलेल्या आहेत. ४५ मीटरऐवजी ते अंतर घातले, की उत्तर पावणेदोन विकलांच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आसपास येते.

ती मुलाखत पाऊण तास चालली आणि बारावीचे गुण कोणी विचारले नाहीत. नंतर प्रत्यक्ष काम सुरू झाले तेव्हा ध्यानात आले, की समितीने मला संशोधनाचा गाभाच विचारला होता. जीएमआरटीच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि त्यांतली प्रत्येक जोडी कोणत्याही क्षणी आकाशाच्या चित्राचा एकेक फूरिये घटक मोजत असते. पृथ्वी फिरते तसे जोड्यांचे आकाशाकडून दिसणारे अंतर बदलते, नवे घटक मिळतात आणि आठ-दहा तासांच्या निरीक्षणानंतर त्या सर्वांतून चित्र उभे करता येते. ज्या प्रकरणात मी नापास झालो होतो, त्याच्यावरच माझा सगळा प्रबंध उभा आहे. म्हणून राहिलेले तीन पेपर आता, परीक्षा नसताना, पहिल्या पानापासून पुन्हा करा, असे मी तुम्हाला कळकळीने सांगेन. समितीला कारण थोडक्यात आणि खरे सांगा. आईच्या आजारपणाचा उल्लेख करायला संकोच वाटून घेऊ नका. पण त्यानंतर लगेच त्या विषयातले आता काय येते, ते दाखवायची तयारी असू द्या.

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल उत्तर आयर्लंडमध्ये शाळेत असताना 'इलेव्हन-प्लस' या, साधारण अकराव्या वर्षी होणाऱ्या शालेय निवड परीक्षेत नापास झाल्या होत्या. पुढे केंब्रिजला पीएच.डी. करताना आपण इथे शोभत नाही, आपल्याला कधीही काढून टाकतील, अशी धास्ती त्यांना वाटत असे, आणि काढून टाकले तरी आपल्याकडून कसूर झाली असे व्हायला नको, म्हणून त्या प्रत्येक नोंद कसोशीने तपासत. त्यांनी इतरांबरोबर हातांनी उभारलेल्या दुर्बिणीतून रोज सुमारे ३० मीटर कागदी आलेख बाहेर पडत असे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यातली एक बारीकशी खूण त्यांना खटकली, कारण ती ताऱ्यासारखीही दिसत नव्हती आणि पृथ्वीवरच्या व्यत्ययासारखीही नाही. नोव्हेंबरअखेर त्यांनी कागद वेगाने फिरवून नोंद घेतली, तेव्हा दर १.३३ सेकंदांनी येणारे स्पंद उलगडले. तो पहिला पल्सार, म्हणजे वेगाने फिरताना नियमित रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. १९७४ चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना आणि मार्टिन राईल यांना मिळाले, त्यांना नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या पीएच.डी.साठी देऊन टाकली.

काटकोन

मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त व्यवहाराची बाजू मांडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात आणि राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. तुमचे ६३ टक्के त्या रेषेच्या वर आहेत. उरलेल्या सत्रांत ते खाली येऊ देऊ नका. संशोधन संस्थांच्या अटी मात्र वेगवेगळ्या असतात आणि काही ठिकाणी पदवीच्या गुणांचाही विचार होतो, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात शब्दशः वाचूनच अर्ज करा. ऐकीव माहितीवर अर्जच न करणारे कितीतरी विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार दुःख होते.

पीएच.डी. प्रवेशासाठी उपयोगी पडणाऱ्या परीक्षांपैकी जेस्ट, गेट आणि सीएसआयआर-नेट या तिन्हींचा अभ्यासक्रम बराचसा एकच आहे: गणितीय पद्धती, अभिजात यामिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी, सांख्यिकीय भौतिकी. खगोलशास्त्र त्यात जवळजवळ विचारत नाहीत. अनेक विद्यार्थी कृष्णविवरांवरची पुस्तके वाचत बसतात आणि साध्या कंपकाच्या प्रश्नावर अडतात. नेटमध्ये २०० पैकी १०० गुण तिसऱ्या भागाला आहेत आणि तिथे ३० पैकी २० प्रश्न सोडवायचे असतात, तेव्हा चार विषय पक्के असतील तर बाकीच्यांवाचून अडत नाही. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, याचे भान मात्र ठेवा. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये अधिवृत्ती मिळते. घरच्यांशी बोलताना ही गोष्ट जरूर सांगा. जेआरएफला वयाची अट आहे, पण स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे.

आयुका किंवा एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांकडेच दृष्टी लावून बसू नका, असेही सुचवतो. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत आयुकाचे सहयोगी म्हणून काम करणारे प्राध्यापक आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे प्रवेश मिळाला तर पदवी विद्यापीठाची होते, आणि त्यांच्या बरोबरीने आयुकात जाऊन काम करण्याची वाटही खुली होते. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला, किती वर्षांत प्रबंध झाला ते विचारा. संस्थेच्या नावापेक्षा या चौकशीचा उपयोग अधिक होतो.

सायंतारा

मी तीन वर्षे प्रयत्न केला आणि मला प्रवेश मिळाला नाही, म्हणून ही बाजूही इथे यावी असे वाटते. पहिली दोन वर्षे मी नेमकी मुदत ठरवली नव्हती, आणि त्याचा त्रास निकालापेक्षा जास्त झाला. दर सहा महिन्यांनी पुन्हा एक परीक्षा समोर दिसते आणि दिवस कसे गेले ते समजत नाही. तुम्ही एम.एस्सी.नंतर किती प्रयत्न करणार ते आजच घरच्यांसमोर सांगा. दीड किंवा दोन वर्षे असे काहीतरी.

बी.एड.विषयी माझा अनुभव असा, की ते करता करता नेटचा अभ्यास होत नाही. दोन वर्षांतला मोठा काळ सराव पाठ, त्यांची टाचणे आणि शाळेतली आंतरवासिता यांत जातो, आणि तो तसा जायलाही हवा, कारण पुढे आपल्यासमोर मुले बसणार असतात. म्हणून आधी एकाग्रतेने प्रयत्न करा आणि मुदत संपल्यावर बी.एड.ला जा. उलट क्रमाने गेल्यास दोन्ही अर्धवट राहण्याची भीती आहे.

मी आज कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि रॅड-अ‍ॅट-होम या नागरिक-विज्ञान उपक्रमात जीएमआरटीची चित्रे तपासते. तुम्हाला प्रवेशाची वाट न पाहता हे आजच करता येईल. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाचा जवळजवळ ९० टक्के भाग टिपला आहे आणि ती चित्रे सर्वांना मोफत उतरवून घेता येतात. एखादी रेडिओ दीर्घिका (रेडिओ लहरींत फार तेजस्वी असणारी दीर्घिका) निवडा, दृश्य प्रकाशातले तिचे चित्र शेजारी ठेवा आणि तिच्या केंद्रातून निघालेले झोत कुठपर्यंत गेले आहेत ते पाहा. हे काम तासन्‌तास करूनही कंटाळा येत नसेल तर या क्षेत्राशी तुमचे जुळेल. आकाश आवडणे आणि ही मेहनत आवडणे यांत अंतर आहे, आणि ते मला फार उशिरा समजले.

मृगशीर्ष

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांशी बोलले आणि एम.एस्सी.नंतर दोन वर्षांची मुदत मागून घेतली. अधिवृत्तीची रक्कम ऐकून त्यांनी ती दोनदा विचारली. तबकडीचे गणित मी स्वतः करून पाहिले. १५० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी २ मीटर धरली तर २५ किलोमीटरसाठी सुमारे साडेसोळा विकला येतात. हे बरोबर आहे का? आणि एक विचारायचे राहिले. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पुढे पदवीपर्यंत सगळे इंग्रजीत झाले, तरी मुलाखतीत इंग्रजी बोलताना माझी गाडी अडेल अशी धास्ती वाटते.

ध्रुवमत्स्य

साडेसोळा विकला बरोबर आहे. प्रत्यक्ष चित्रात बिंदूसारख्या स्रोताचा ठिपका याहून थोडा मोठा दिसेल, कारण सर्वांत लांबच्या जोड्या संख्येने कमी असतात आणि चित्र बनवताना सर्व जोड्यांना किती महत्त्व द्यायचे हे ठरवावे लागते. तसे का होते याचा विचार करून ठेवा. हाच प्रश्न तुम्हाला कोणी विचारू शकेल.

इंग्रजीविषयी सांगायचे तर माझेही शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. समितीसमोर खडू हातात असतो, आणि आकृती व समीकरण लिहीत लिहीत बोलले, की लहान वाक्यांनी काम भागते. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा. त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. मी महिनाभर रोज संध्याकाळी घरातल्या भिंतीवर टांगलेल्या फळ्यासमोर उभा राहून एकेक प्रश्न मोठ्याने इंग्रजीत सोडवत असे आणि धाकटी बहीण समोर बसून, कुठे अडलो ते वहीत टिपत असे. तुमच्या घरी कोणी बसायला तयार असेल तर येत्या रविवारी चौकोनी स्पंदापासून सुरुवात करा आणि कुठे अडलात ते इथे लिहा. मी उत्तर देईन.