शब्दचर्चा: पॉन्टिफ्रॅक्ट, पॉम्फ्रेट आणि मोडका पूल

मूळ शंका अशी होती: शेक्सपिअरच्या 'रिचर्ड तिसरा' नाटकात 'पॉम्फ्रेट' नावाचा किल्ला येतो. त्याचा आपल्या पापलेटशी काही संबंध आहे का? आणि नकाशात पॉम्फ्रेट का सापडत नाही?

नकाशात 'पॉन्टिफ्रॅक्ट' शोधा. उत्तर इंग्लंडात यॉर्कशरमध्ये, लीड्सच्या आग्नेयेला हे गाव आहे आणि गावालगत उंचवट्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत. पॉम्फ्रेट आणि पॉन्टिफ्रॅक्ट हे एकच नाव. एक रूप लेखणीतून आलं, दुसरं तोंडातून.

लेखणीतलं रूप थेट लॅटिन आहे. 'पोन्स' म्हणजे पूल आणि 'फ्राक्तुस' म्हणजे मोडलेला. आपण हाड मोडलं की ज्याला फ्रॅक्चर म्हणतो तो शब्द याच 'फ्राक्तुस'च्या घरातला. 'पोन्स' तर आपल्या आणखी जवळचा: संस्कृत 'पथिन्', 'पन्था:' आणि मराठी 'पंथ' यांच्याशी त्याचं मूळ एकच. वाट हा जुना अर्थ, लॅटिनमध्ये तो पाण्यावरून जाणाऱ्या वाटेपुरता राहिला.

मग नाव 'पोन्सफ्राक्तुस' का नाही? कारण दस्तऐवजांत गाव विभक्तीतच यायचं: 'दे पोन्ते फ्राक्तो', म्हणजे मोडक्या पुलाचा, मोडक्या पुलाकडचा. तेच विभक्तीचं रूप घट्ट होऊन नाव बनलं. कुणी 'पुण्याहून', 'पुण्याला' एवढंच ऐकून गावाचं नाव 'पुण्या' ठरवावं, तसं.

बोलणारी माणसं मात्र लॅटिन बोलत नव्हती. अकराव्या शतकात फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन सरदारांच्या फ्रेंचमध्ये त्याच नावाचं 'पोन्तफ्रेत' झालं. मधला 'त' गळला, 'फ'च्या शेजारी 'न'चा 'म' झाला आणि 'पॉम्फ्रेट' किंवा 'पम्फ्रिट' तयार झालं. मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये, 'प' वर्गातल्या अक्षराआधीचा अनुस्वार आपणही 'म'सारखाच उच्चारतो. शेक्सपिअरने कानाला ऐकू येत होतं ते लिहिलं. पुढे छापील रूपाचा जोर वाढला आणि आज लोक लिहिल्याप्रमाणेच 'पॉन्टिफ्रॅक्ट' म्हणतात.

आता पूल कोणता? इथे धाग्यात एका प्रतिसादात यॉर्कचे आर्चबिशप विल्यम यांची आख्यायिका आली आहे: त्यांच्या स्वागताला जमलेल्या गर्दीने पूल कोसळला, पण कुणी दगावलं नाही. गोष्ट गोड आहे, पण नावाचा उगम म्हणून टिकत नाही. ती 1154 सालची आणि पूल यॉर्क शहरातल्या ऊझ नदीवरचा. पॉन्टिफ्रॅक्टचं नाव त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकाच्या अखेरीस कागदावर दिसतं. स्थलनामांच्या चर्चेत तारीख आधी बघावी, गोष्ट मग ऐकावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा दावा जास्त वजनदार आहे. 1069 साली इंग्लंडचा पहिला नॉर्मन राजा विल्यम द कॉन्करर उत्तरेतलं बंड मोडायला निघाला तेव्हा एअर नदीपाशी तीन आठवडे अडकून पडला. पूल बांधावा असं काहींनी सुचवलं, ते त्याने मानलं नाही. शेवटी लिझ्वा द मूतिए नावाच्या सरदाराने नदीतून पार होण्याजोगा उतार शोधून काढला. ही हकीकत लिहिणारा ऑर्डरिक व्हिटालिस त्या जागेला 'मोडक्या पुलाचं पाणी' म्हणतो. पण तो बाराव्या शतकात लिहितोय, तेव्हा हे नाव रूढ झालेलं होतं. शिवाय एअरवरच्या जवळच्या गावाचं नाव फेरीब्रिज, आणि 1086च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमीन-महसुलाच्या नोंदवहीत, तिथे नुसतं 'फेरी' आहे. म्हणजे पूल झाला नंतर, आधी नदी पार करायला होडीच होती. म्हणून गावाजवळच्या एखाद्या लहान ओढ्यावरचा पूल, हे उत्तर मला अधिक पटतं. राजाचा मुक्काम वगैरे काही नसेल त्यात, पण वाटसरूंना खुणेसाठी मोडका पूल पुरेसा असतो.

डूम्सडे बुकात पॉन्टिफ्रॅक्ट हे नाव नाही. तिथे टॅनशेल्फ आहे, नॉर्मनांच्या आधीच्या सॅक्सन काळातलं. त्यातल्या 'शेल्फ'चा अर्थ उतारावरची सपाट जागा. गावाच्या एका रेल्वे स्थानकाच्या नावात टॅनशेल्फ अजून टिकून आहे. शेजारच्या वस्तीचं नाव होतं कर्कबी, म्हणजे चर्चचं गाव, ते स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्सभाषक लोकांकडून आलेलं. सॅक्सन, नॉर्स आणि वर लॅटिन-फ्रेंच असे तीन थर एवढ्याशा जागेत. इल्बर्ट द लासी या नॉर्मन सरदाराने 1070च्या सुमारास किल्ला बांधला आणि मालकांच्या भाषेतलं नाव बाकी दोघांवर चढलं.

'डंजन'बद्दलही विचारलं गेलंय. फ्रेंचमध्ये 'दोंजों' म्हणजे किल्ल्याचा मुख्य बुरूज, धन्याचा. पॉन्टिफ्रॅक्टचा दोंजों अनेक गोल पाकळ्यांचा होता. इंग्रजीत तोच शब्द घसरत तळघरातल्या कोठडीवर आला. या किल्ल्यात तळघरही आहे, खडकात खोदलेलं, आणि सतराव्या शतकातल्या राजा विरुद्ध संसद अशा यादवी युद्धातल्या कैद्यांनी भिंतीवर कोरलेली नावं तिथे आजही वाचता येतात.

'पॉम्फ्रेट' या नावाला जी भीती चिकटली ती कैद्यांमुळेच. 1322मध्ये लँकेस्टरचा अर्ल थॉमस याचा इथे शिरच्छेद झाला. 1400च्या फेब्रुवारीत पदच्युत राजा रिचर्ड दुसरा इथेच कैदेत मेला, बहुधा उपासमारीने. 1483मध्ये अर्ल रिव्हर्स आणि त्याच्या सोबत्यांना मारलं, शेक्सपिअरच्या नाटकात येतो तो हाच प्रसंग. यादवी युद्धात किल्ल्याला तीन वेढे पडले. शेवटच्या वेढ्यात आतल्या राजनिष्ठांनी चौकटच्या पत्त्यासारखी तिरप्या चौकोनाची नाणी पाडली. त्यांवर 'पी' आणि 'सी' ही अक्षरं आहेत, म्हणजे पॉन्टिफ्रॅक्ट कॅसल. राजा पहिला चार्ल्स याचं डोकं उडवल्याची बातमी आली तेव्हा नव्या नाण्यांवर लॅटिन मजकूर आला: बापाच्या मृत्यूनंतर मुलासाठी. 1649मध्ये किल्ला पडला आणि संसदेच्या हुकमाने पाडलाही गेला. वेढ्यांनी टेकीला आलेल्या गावकऱ्यांनीच तशी मागणी केली होती.

पापलेटचं उत्तर: संबंध नाही. माशाचं इंग्रजी नाव पोर्तुगीज 'पाम्पो'वरून आलंय आणि त्याची जुनी इंग्रजी रूपं 'पॅम्फ्लेट'सारखी, 'ल' असलेली आहेत. आपल्या 'पापलेट'ने तो 'ल' सांभाळला, इंग्रजीत त्याचा 'र' झाला. म्हणजे किल्ला आणि मासा वेगवेगळ्या वाटांनी येऊन एका उच्चारावर भेटले.

पॉम्फ्रेट नावाचा खाण्याशी खरा धागा हवा असेल तर तो ज्येष्ठमधाचा आहे. पॉन्टिफ्रॅक्टच्या खोल, भुसभुशीत जमिनीत ज्येष्ठमधाची लागवड व्हायची, अगदी किल्ल्याच्या आवारातही. 1760 साली जॉर्ज डनहिल यांनी त्याच्या अर्कात साखर घातली आणि चपट्या काळ्या वड्या मिठाई म्हणून विकायला लागल्या. 'पॉम्फ्रेट केक' हे जुनं उच्चारी रूप या वड्यांनी जिवंत ठेवलं. वडीवर किल्ल्याचा शिक्का असतो. 15 ऑगस्ट 1872 रोजी ब्रिटनमधली संसदेची पहिली गुप्त मतदानाची पोटनिवडणूक इथे झाली, तेव्हा मतपेटीला लाख लावून मोहोर उठवली ती वड्यांच्याच शिक्क्याने.

आणि 'ज्येष्ठमध' मधला 'ज्येष्ठ' थोरला नव्हे. मूळ शब्द 'यष्टिमधु', यष्टि म्हणजे काठी. ओळखीचा शब्द ऐकू आल्यासारखं वाटून आपण तो तसा लिहायला लागलो.

मराठीत लिहिताना गावाला आणि किल्ल्याला 'पॉन्टिफ्रॅक्ट' वापरावं. नाटकाचा अनुवाद असेल तर 'पॉम्फ्रेट'च ठेवावं, नाहीतर पद्याची लय बिघडते.