उलटं पाठ केलेलं गाणं

विद्यार्थ्यांचे व्हायरल व्हिडिओ म्हणजे कॉलेजची फुकट जाहिरात, हे मत मला अर्धंच पटतं. २००९ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या शोरलाइनमध्ये शोरक्रेस्ट हायस्कूलच्या मुलांनी लिप डब केला. एकच कॅमेरा, मध्ये कुठे कट नाही, तो शाळाभर फिरतोय आणि समोर येईल तो गाण्यावर ओठ हलवतोय. शेजारच्या शोरवुड हायस्कूलला ते आव्हानच होतं. तिथल्या मुलांनी अख्खा व्हिडिओ उलटा चित्रित केला! म्हणजे गाण्याचे शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे घोकायचे, उलटी हालचाल करायची. मग व्हिडिओ उलटा चालवला की तेव्हा कुठे पडद्यावर ओठ जुळतात. कुणी पैसे देऊन सांगितलं असतं तर एवढी घोकंपट्टी झाली नसती. त्या तालमींतच शाळा ‘आपली’ होते, व्ह्यूज नंतरचे.

अमेरिकेतल्याच येल विद्यापीठाने जानेवारी २०१० मध्ये प्रवेशासाठी काढलेला, जवळपास १७ मिनिटांचा संगीतमय व्हिडिओही विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांनीच केला होता. गाजलाही खूप. पण वसतिगृह, ग्रंथालय, जेवण असं सगळं गाण्यात बसवलेलं बघताना मला माहितीपत्रकच दिसत राहतं. मुलगी कॉलेज निवडेल तेव्हा तिला मी शोरवुडसारखा व्हिडिओ आधी दाखवीन.