पुणे-दिल्ली: दीड तासाचे सव्वादोन तास कसे होतात?
तुम्ही विचारलंत की अंतर ११६० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ८०० धरला तर जेमतेम दीड तास होतो, मग तिकिटावर सव्वादोन तास का?

११६० हे नकाशावरचं सरळ अंतर. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गानेच जातं, आणि दिल्लीजवळ रांग असेल तर घिरट्याही घालतं. शिवाय चढताना-उतरताना वेग बराच कमी असतो. मुख्य म्हणजे तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ, धावपट्टी एकच. मागच्या खेपेला खिडकीशी बसून मी घड्याळ लावलं होतं: हलल्यापासून चाकं उचलेपर्यंत २२ मिनिटं. मधे दोन सुखोई लढाऊ विमानं धडाडत गेली, शेजारच्या आजींनी कानांवर हात ठेवले.

वाऱ्याचा फरक बघायचा तर कोलकात्याचं तिकीट बघा. थंडीत वरच्या थरात पश्चिमेचे जोरदार वारे असतात, त्यामुळे जाताना लवकर पोचतो, येताना जास्त वेळ लागतो. दिल्ली बरीचशी उत्तरेला, तिथे हा फरक कमी.

तुमच्या आईंना एकटीला पाठवताय म्हणून कळकळीने सांगतो, डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान नको. दिल्लीत धुकं असतं. दुपारचं घ्या, आणि कोथरूडहून निघताना रस्त्याला दीड तास हाताशी ठेवा.