लढाई रडारनं जिंकली की रडारमागच्या माणसांनी?

सीताबर्डीकर:
काल संध्याकाळी फुटाळ्यावरचा वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो. मित्राचं म्हणणं, 1940 ची ब्रिटनवरची हवाई लढाई रडारनं जिंकली. मला पटत नाही. रडार जर्मनांकडेही होतंच. त्यांचं ‘फ्रेया’ काही कमी नव्हतं. फरक पडला तो बेंटली प्रायरीतल्या, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयातल्या खोलीनं. किनाऱ्यावरच्या ‘चेन होम’ या ब्रिटिश रडार केंद्रांचे फोन तिथे येत. एकाच टोळीच्या तीन वेगवेगळ्या बातम्या आल्या तर त्या ताडून एक केली जाई, मग मुली टेबलावरच्या मोठ्या नकाशावर खुणा सरकवत. आणि चेन होमला फक्त समुद्राकडचं दिसे. विमानं किनारा ओलांडून आत आली की सगळी मदार दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या निरीक्षकांवर.

धरमपेठ_67:
अहो भाऊ, टेबल अन् फोन मान्य, पण टेबलावर मांडायला बातमी आणली कोणी? डोव्हरहून फ्रान्स जेमतेम 34 किलोमीटर. ब्रिटिशांच्या स्पिटफायर लढाऊ विमानाला सहा हजार मीटर चढायलाच आठ-दहा मिनिटं लागायची. रडार नसतं तर दिवसभर आळीपाळीनं विमानं वर फिरवत ठेवावी लागली असती. पेट्रोल जळालं असतं, पोरं थकली असती, अन् तुकडी पेट्रोल भरायला खाली उतरलेली असतानाच हल्ला आला असता.

सीताबर्डीकर:
मग हवाई बेटांवरच्या अमेरिकी तळावर, पर्ल हार्बरवर, जपान्यांनी केलेल्या हल्ल्याचं काय? 7 डिसेंबर 1941. तिथल्या ओपानाच्या रडार केंद्रावरची पाळी सकाळी 7 ला संपली होती. नाश्त्याला न्यायचा ट्रक आला नव्हता, म्हणून दोघा शिपायांनी संच चालूच ठेवला. 7:02 ला पडद्यावर विमानांचा एवढा मोठा थवा, की आधी संचच बिघडला असं वाटलं. अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. त्यांनी फोन केला. पलीकडच्या लेफ्टनंटला वाटलं, आपलीच बी-17 विमानं येताहेत. काळजी करू नका म्हणाला. यंत्रानं पाऊण तासाहून जास्त वेळ हातात दिला होता हो! तो वाया गेला.

वायुसेनानगर_निवृत्त:
मी रडारच्या केबिनमध्ये बरीच वर्षं काढली. अंधारात फिरती रेघ एकटक बघत बसलं की अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात, पक्ष्यांचा थवा अन् विमान सारखंच दिसायला लागतं. म्हणूनच सांगतो, माणसाच्या भरवशावर सगळं टाकू नका, यंत्र चांगलंच पाहिजे. 1965 मध्ये पाकिस्तानी वायुसेनेनं अमृतसरच्या रडारवर पुन्हापुन्हा हल्ले केले. कशाला जीव धोक्यात घातला असता, जर ते नुसतं एक यंत्र असतं?

महालची_लेक:
काका, तुमच्या चांगल्या यंत्रालाही चकवता येतं ना. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर ब्रिटिशांनी अॅल्युमिनियम लावलेल्या कागदाच्या पट्ट्या टाकल्या, अन् जर्मनांच्या ‘वुर्झबुर्ग’ रडारच्या पडद्यावर खरी विमानं कोणती हेच कळेना. कागदच तो!

धरमपेठ_67:
त्यावरही उपाय निघाले, पुढे यंत्रानंच काढले. माझा मुद्दा मात्र तोच आहे. 12 ऑगस्ट 1940 ला जर्मनांनी व्हेंटनरचं केंद्र बॉम्ब टाकून बंद पाडलं. तीन दिवसांनी जर्मन वायुसेनेचा प्रमुख गोअरिंग म्हणाला, रडार केंद्रांवर हल्ले चालू ठेवण्यात अर्थ आहे असं वाटत नाही. सीताबर्डीकर भाऊ, त्यानं तेच रोज केलं असतं, तर बेंटली प्रायरीच्या त्या टेबलावर मुलींनी काय सरकवलं असतं?